पाणी, आग आणि आपली कागदपत्रे : घरी आणि शाळेत काय काळजी घ्याल?



पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी आपण पालकांना सांगतो, "जन्माचा दाखला आणा, आधार आणा, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स आणा." पालक आणतातही. पण तो कागद घरातून कुठून निघतो ते कधी विचारलंय का? कुणाचा गादीखालून, कुणाचा पत्र्याच्या ट्रंकेतून, कुणाचा देवघराच्या खणातून, तर कुणाचा साडीच्या घडीतून. कापडाच्या दुकानातली पातळ पिशवी, वर रबर, आणि आत चार घड्या घातलेला दाखला. घडीवर फाटलेला.

ज्या कागदावर मुलाचा प्रवेश, शिष्यवृत्ती, घराचा हक्क आणि म्हाताऱ्या माणसांची पेन्शन अवलंबून आहे, तो आपण असा ठेवतो. मग एक दिवस घरात पाणी शिरतं किंवा शॉर्टसर्किट होतं, आणि भांडीकुंडी पुन्हा घेता येतात पण कागदासाठी वर्षभर चकरा माराव्या लागतात. म्हणून आजचा लेख या विषयावर. शेवटी वर्गात घेता येईल असा एक उपक्रमही दिला आहे.

हा विषय आपल्याच दारातला आहे

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे कितीतरी गावं दिवसेंदिवस पाण्यात होती. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड बुडालं. आणि आगीचं म्हणाल तर २१ जून २०१२ ला थेट मंत्रालयालाच आग लागली. माणसं दगावली, कित्येक फायली जळाल्या. जिथे सगळ्या राज्याचे कागद असतात तिथे हे होऊ शकतं, तर आपल्या पत्र्याच्या घराचं काय?

आणि दरवेळी महापूरच यावा लागतो असंही नाही. गळकं छप्पर, फुटलेला नळ, वरच्या मजल्यावरची भरून वाहणारी टाकी, देवघरात कलंडलेली समई, एवढं पुरतं.

आधी एक मूळ गोष्ट समजून घेऊ

आपल्या घरात जे कागद असतात, ते बहुतेक कुठल्या तरी नोंदवहीचा उतारा असतात. जन्माचा दाखला म्हणजे ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदवहीतली एक ओळ. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे शाळेच्या जनरल रजिस्टरमधली एक ओळ. खरेदीखताची नोंद दुय्यम निबंधक कार्यालयात असते. घरातला कागद गेला तरी ती ओळ जागेवर असेल, तर कागद परत मिळतो. फक्त ती ओळ कुठे आहे हे आपल्याला माहीत हवं.

म्हणून सगळे कागद एकाच मापाने जपायचे नसतात. त्यांचे तीन गठ्ठे करा.

पहिला गठ्ठा, सहज परत मिळणारे : आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, बँक पासबुक, सातबारा उतारा, आठ-अ. यांची नोंद संगणकावर आहे. क्रमांक माहीत असला तरी काम होतं.

दुसरा गठ्ठा, मिळतात, पण चकरा मारायला लावणारे : शिधापत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, विमा पॉलिसी, पासपोर्ट, घराचं किंवा जमिनीचं खरेदीखत. अर्ज, प्रतिज्ञापत्र, कधी पोलिसांकडची हरवल्याची नोंद, शुल्क आणि वाट बघणं, हे सगळं यात येतं.

तिसरा गठ्ठा, गेले की गेले : नोंदणी न केलेलं मृत्युपत्र, साध्या कागदावर किंवा स्टॅम्पपेपरवर केलेले घरगुती करार आणि वाटणीपत्रं, बाळाचं लसीकरण कार्ड, जुन्या आजारपणाची फाईल, पणजोबांच्या काळातले मोडी लिपीतले कागद, जुने फोटो.

या तिसऱ्या गठ्ठ्यात आणखी एक कागद येऊ शकतो, ज्याकडे आपलं लक्षच जात नाही. तो म्हणजे आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा जुना दाखला. जात वैधतेसाठी ठरावीक तारखेच्या आधीचे पुरावे मागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आता विचार करा, १९४८ साली चौथीतून शाळा सोडलेल्या पणजोबांचा पिवळा पडलेला दाखला आज नातीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला लागतो. ती शाळा बंद पडली असेल किंवा तिचं रजिस्टर वाळवीने खाल्लं असेल, तर घरातला तो एकच कागद उरतो. तो गेला की काय करणार?

म्हणून सगळ्यात जास्त काळजी तिसऱ्या गठ्ठ्याची. आपण उलटं करतो. आधार कार्ड पाकिटात जपून ठेवतो आणि पणजोबांचा दाखला ट्रंकेच्या तळाशी.

पाणी कागदाचं नेमकं काय करतं?

नुसत्या पाण्याने कागद लगेच नष्ट होत नाही. नुकसान तीन प्रकारे होतं.

एक, शाई पसरते. दौतीच्या शाईने लिहिलेलं आणि इंकजेट प्रिंटरवर छापलेलं पाण्यात विरघळतं. बॉलपेनची शाई बरीच टिकते. झेरॉक्स आणि लेझर प्रिंटची काळी पूड उष्णतेने कागदावर चिकटवलेली असते, ती पाण्याने जात नाही. म्हणजे शाईने लिहिलेला जुना मूळ दाखला पुसला जाईल आणि त्याची दोन रुपयांची झेरॉक्स टिकेल, असं होऊ शकतं! त्यामुळे जुन्या हस्तलिखित कागदाची चांगली झेरॉक्स आजच काढा.

दोन, कागद एकमेकांना चिकटतात. विशेषतः गुळगुळीत कागद आणि फोटो. ते ओढून सोडवायला गेलं की अक्षरांसकट पापुद्रा निघतो.

तीन, बुरशी. ओल्या कागदाला साधारण ४८ तासांत बुरशी धरायला लागते. पुराचं पाणी तर गाळाचं, गटाराचं. त्यामुळे पूर ओसरल्यावर पहिल्या दोन दिवसांत काय करतो याला महत्त्व आहे.

आणि आग?

कागद साधारण २३० अंश सेल्सिअसच्या आसपास पेट घेतो. त्याच्या बरंच आधी तो तपकिरी पडतो आणि पापडासारखा ठिसूळ होतो. घराला आग लागली की छताजवळची उष्णता ६०० अंशांच्या पुढेही जाते.

इथे दोन गैरसमज दूर करू.

"आमचं लोखंडी कपाट आहे, काही होत नाही." लोखंड जळत नाही हे खरं, पण ते तापतं. तापलेल्या तव्यावर भाकरी भाजते तसा कपाटात कागद भाजतो. बाहेरून कपाट धड दिसतं, आत काळा कोळसा.

"आम्ही सगळं प्लास्टिकच्या फाईलमध्ये ठेवतो." पाण्यासाठी उत्तम. पण आपल्या पिशव्यांचं प्लास्टिक शंभर अंशांच्या थोडं पुढे गेलं की वितळायला लागतं आणि कागदाला चिकटतं.

बाजारात अग्निरोधक पेट्या आणि तिजोऱ्या मिळतात. त्यांच्यावर ३० मिनिटं, ६० मिनिटं असं लिहिलेलं असतं. एवढा वेळ आतलं तापमान कागद जळणार नाही इतकं, म्हणजे सुमारे १७७ अंशांच्या खाली, राहील असा त्याचा अर्थ. कधीच जळणार नाही असा नव्हे. पेनड्राइव्हला एवढी उष्णताही सोसत नाही, म्हणून कागदाच्या पेटीत ठेवलेला पेनड्राइव्ह सुरक्षित आहे असं धरून चालू नका. आणि आगीनंतर अशी पेटी गरम असताना उघडायची नाही. आतला तापलेला कागद बाहेरची हवा मिळताच भडकू शकतो. पूर्ण गार होऊ द्या.

अजून एक गोष्ट. आग विझवतात पाण्यानेच. त्यामुळे आगीतून वाचलेला कागद बहुतेक वेळा भिजलेला असतो. म्हणजे अग्निरोधक पेटी घेतली तरी आत प्लास्टिकची फाईल हवीच.

अशी पेटी सगळ्यांना परवडणारी नाही, आणि नसली तरी बिघडत नाही. झेरॉक्सचे वीस-तीस रुपये आणि दुसऱ्या गावातलं एखादं विश्वासाचं घर, एवढ्यावर बरंचसं काम होतं. ते कसं, ते पुढे बघू.

कागद कुठे ठेवायचे?

पाणी खालून चढतं, आग वर चढते. म्हणून जमिनीवरची ट्रंक नको आणि छताला टेकलेला माळाही नको. पत्र्याखालच्या माळ्यावर तर पावसाळ्यात गळती आणि उन्हाळ्यात भट्टी. कपाटाचा मधला किंवा वरून दुसरा कप्पा बरा.

या जागा टाळा : स्वयंपाकघर, गॅस सिलिंडरची जागा, देवघराचा खण, मीटरबोर्ड आणि इन्व्हर्टरच्या शेजारी, न्हाणीघराला लागून असलेली ओलसर भिंत, पाण्याच्या टाकीखालचा कोपरा.

सगळे मूळ कागद एका पिशवीत ठेवा. झिप असलेली जाड प्लास्टिकची फाईल, ती एका मजबूत कापडी किंवा रेक्झिनच्या पिशवीत. घड्या घालू नका. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना काढून टाका, त्या गंजतात आणि कागदाला डाग पाडतात. पिशवी कुठे आहे हे घरातल्या किमान दोन मोठ्या माणसांना माहीत हवं.

नदीकाठी राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवा : धरणातून विसर्ग सुरू झाल्याची सूचना आली की म्हातारी माणसं, लहान मुलं आणि जनावरं यांच्याबरोबर ही पिशवीही हलवायची. पाणी अंगणात आल्यावर शोधाशोध नको.

पण आग लागली असेल तर पिशवीसाठी आत जायचं नाही. एकदा बाहेर पडलात की परत फिरायचं नाही. हे मुलांना ठासून सांगा, कारण "दप्तर राहिलं" म्हणून मूल मागे फिरतं. कागद पुन्हा मिळवता येतो.

ऊसतोडीला, वीटभट्टीवर जाणाऱ्या पालकांसाठी वेगळं सांगावं लागतं. कोपीत चूल आणि सामान एकाच छपराखाली असतं, छप्परही पाचटाचं. शक्य असेल तर मूळ कागद गावात विश्वासाच्या माणसाकडे ठेवा आणि बरोबर झेरॉक्स न्या. जे मूळ न्यावंच लागतं तेवढंच न्या.

बँकेच्या लॉकरबद्दल बरेच जण विचारतात. खरेदीखत, मृत्युपत्र यांसाठी लॉकर चांगला. पण रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे आग, चोरी, इमारत कोसळणं अशा कारणांनी, बँकेच्या हलगर्जीमुळे नुकसान झालं, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. पूर-भूकंपासारख्या नैसर्गिक आपत्तीची जबाबदारी साधारणपणे बँकेवर नसते. तेव्हा लॉकर तळघरात आहे की वरच्या मजल्यावर हे विचारून घ्या, आणि तिथेही कागद प्लास्टिकच्या फाईलमध्येच ठेवा.

लॅमिनेशन करावं का?

पालकांचा हा नेहमीचा प्रश्न. "सर, दाखला लॅमिनेट केला म्हणजे पाण्याची भीती नाही ना?"

मूळ कागद लॅमिनेट करू नका. लॅमिनेशन म्हणजे उष्णता देऊन कायमचं चिकटवलेलं प्लास्टिक, ते पुन्हा निघत नाही. उठावाचा शिक्का दबतो. पुढे त्याच कागदाच्या मागे शिक्का किंवा सही घ्यायची वेळ आली, विशेषतः परदेशी जाताना, की अडचण येते. थर्मल कागदावरची पावती तर यंत्रातून जाताच काळी होते. आणि कडेने थोडं जरी पाणी आत शिरलं तर ते आतच कोंडून राहतं. लॅमिनेशन झेरॉक्सचं करा, मूळ कागद झिपच्या फाईलमध्ये मोकळा ठेवा.

तीन प्रती, दोन प्रकार, एक घराबाहेर

संगणकवाले त्यांच्या माहितीसाठी हा नियम वापरतात, तो आपल्या कागदांनाही लागू पडतो. महत्त्वाच्या प्रत्येक कागदाच्या एकूण तीन प्रती असाव्यात. त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या असाव्यात, म्हणजे एक कागदी आणि एक डिजिटल. आणि त्यातली किमान एक आपल्या घराबाहेर असावी. झेरॉक्सचा संच मामाच्या गावी, आत्याच्या घरी ठेवा, म्हणजे एकाच पुरात दोन्ही जाणार नाहीत. शेजारच्या घरात ठेवून उपयोग नाही, पाणी तिथेही तेवढंच असतं.

डिजिटल प्रतीसाठी केंद्र सरकारचं डिजिलॉकर २०१५ पासून आहे. यात 'इश्यूड' आणि 'अपलोड' असे दोन वेगळे कप्पे आहेत. इश्यूड मध्ये कागद त्या त्या खात्याकडून थेट येतो. २०१७ पासूनच्या नियमांनुसार तो मूळ कागदाच्या बरोबरीचा मानला जातो. अपलोड मध्ये आपण काढलेला फोटो असतो, ती फक्त आपल्या सोयीची प्रत. आधार, वाहन परवाना, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका असे कागद इश्यूड मध्ये घेता येतात.

खाते उघडताना आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू हवा. कित्येक पालकांचा जुना नंबर बंद झालेला असतो, मग ओटीपी येत नाही. गरज पडल्यावर धावण्यापेक्षा आधीच आधार केंद्रावर नंबर बदलून घ्या.

फोटो काढायचा तर दिवसाच्या उजेडात, कागद सपाट ठेवून, चारही कोपरे दिसतील असा काढा. मागची बाजूही काढा, शिक्के तिथेच असतात. फक्त मोबाईलमध्ये ठेवू नका, पुरात मोबाईलही जातो. स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा.

आणि सावधगिरी : आधार-पॅनचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन केलं तर फाईल त्यांच्या संगणकावरून काढून टाकायला सांगा. चालत असेल तिथे पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार द्या.

कागद भिजलेच तर...

१. हातमोजे आणि मास्क घाला. पुराचं पाणी घाण असतं.

२. सगळ्यात आधी आहे त्या अवस्थेत कागदाचा फोटो घ्या. क्रमांक वाचता आला तरी पुढचं काम सोपं होतं.

३. चिकटलेले कागद ओढून सोडवू नका. गठ्ठा तिरका ठेवून पाणी निथळू द्या.

४. गाळ चोळून काढू नका. शाई पक्की असेल, म्हणजे झेरॉक्स किंवा छापील असेल, तर परातीत स्वच्छ पाणी घेऊन कागद प्लास्टिकच्या तुकड्यावर ठेवून अलगद बुडवा. दौतीच्या शाईचा कागद धुऊ नका.

५. सावलीत, पंख्याखाली, स्वच्छ सुती कापडावर पसरा. कडक उन्हात वाळवू नका, शाई उडते आणि कागद वाकडा होतो. इस्त्री आणि हेअर ड्रायरही नको. खाली छापील वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई लागते.

६. कागद खूप आहेत आणि वाळवायला जागा नाही, वीज असलेलं कुणाचं घर जवळ आहे? मग ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. पुढे थोडे थोडे बाहेर काढून वाळवता येतात. ग्रंथालयं आणि अभिलेखागारंही हा उपाय करतात.

७. फोटो एकमेकांवर चिकटून वाळू देऊ नका. स्वच्छ गार पाण्यातून काढून, चित्राची बाजू वर ठेवून वाळवा.

८. जळून ठिसूळ झालेला कागद हाताने उचलू नका. खालून पुठ्ठा सरकवून उचला आणि तसाच डब्यात ठेवा.

९. नुकसानीचा पंचनामा होताना कागदपत्रांचाही उल्लेख करायला सांगा आणि त्याची प्रत मागून घ्या. दुय्यम प्रतींच्या अर्जाला ती जोडता येते.

गेलेला कागद कुठे मागायचा?

- जन्म-मृत्यू दाखला : जिथे जन्म किंवा मृत्यू झाला तिथली ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका. (१ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासह अनेक कामांना हाच दाखला जन्मतारखेचा पुरावा आहे. तो जपाच.)
- शिधापत्रिका : तहसीलची पुरवठा शाखा, मुंबईत शिधावाटप कार्यालय.
- शाळा सोडल्याचा दाखला : त्या शाळेचे मुख्याध्यापक.
- दहावी-बारावी गुणपत्रिका : मंडळाचं विभागीय कार्यालय, शाळेमार्फत.
- जात प्रमाणपत्र : ज्या प्रांत कार्यालयातून निघालं तिथे. वैधता प्रमाणपत्र : जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती. अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी आहे.
- सातबारा, आठ-अ : तलाठी कार्यालय किंवा डिजिटल स्वाक्षरीचा ऑनलाइन उतारा.
- खरेदीखत : ज्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी झाली तिथून प्रमाणित नक्कल आणि सूची क्रमांक दोन. दस्त क्रमांक आणि वर्ष लिहून ठेवलेलं असेल तर शोध लवकर लागतो.
- विमा पॉलिसी : ज्या शाखेची पॉलिसी आहे ती शाखा.

बघा, यातल्या प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न येतो, "क्रमांक काय? वर्ष कोणतं?" म्हणून एक यादी करा : कागदाचं नाव, कुणाच्या नावे, क्रमांक, तारीख, कुठल्या कार्यालयाने दिला. ही यादी कागदांच्या पिशवीत ठेवू नका, वेगळी ठेवा आणि तिची एक प्रत घराबाहेर असू द्या. आणि मृत्युपत्र केलं असेल तर ते नोंदणी करून घ्या, म्हणजे तो कागद तिसऱ्या गठ्ठ्यातून दुसऱ्या गठ्ठ्यात येतो.

आता आपलं, शिक्षकांचं काम

वर म्हटलं की घरातला कागद गेला तरी नोंदवहीतली ओळ जागेवर असली की झालं. पण शाळेच्या दाखल्याची ती ओळ कुणाच्या ताब्यात आहे? आपल्याच. जनरल रजिस्टर कायमचं जपायचं दप्तर आहे. २०२३ मध्ये राज्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा शाळाशाळांतली जुनी रजिस्टरं, मोडीतल्या नोंदी बाहेर काढल्या गेल्या. तेव्हा सगळ्यांना त्या जीर्ण वह्यांची किंमत कळली.

सरल आणि यू-डायस प्लसवर आजची मुलं आहेत. १९५५ साली पहिलीत आलेली मुलं तिथे नाहीत, ती फक्त त्या वहीत आहेत. ती वही भिजली तर अख्ख्या गावाचे दाखले भिजतात.

म्हणून आपल्या शाळेत एवढं तपासा : रजिस्टर कुठल्या कपाटात आहे? सगळ्यात खालच्या कप्प्यात तर नाही? वर छप्पर गळतं का? शेजारी पोषण आहाराचा गॅस किंवा मीटरबोर्ड आहे का? रजिस्टर ओळखीच्या खुणेचं आणि एका हाताने उचलता येईल असं ठेवलंय का? सुट्टीत पूर आला तर किल्ली कुणाकडे? जुनी पानं मुख्याध्यापकांच्या परवानगीने स्कॅन करून शाळेच्या संगणकावर आणि एका प्रतीत शाळेबाहेर, वरिष्ठांनी ठरवून दिलेल्या ठिकाणी ठेवावीत. स्वतःच्या मोबाईलमध्ये मात्र ठेवू नका, ती लोकांची खाजगी माहिती आहे.

वर्गातला उपक्रम (चौथी ते सातवी)

*साहित्य :* कागदाचे चार तुकडे, शाईपेन, बॉलपेन, पेन्सिल, एक झेरॉक्स, पाण्याची परात.

*कृती :* तीन तुकड्यांवर मुलांनी स्वतःचं नाव लिहायचं, एक शाईपेनने, एक बॉलपेनने, एक पेन्सिलने. चौथा तुकडा झेरॉक्सचा. आधी अंदाज विचारा : "कुणाचं नाव पुसलं जाईल?" बहुतेक मुलं म्हणतात पेन्सिलचं, कारण ते रबराने खोडता येतं. मग चारही तुकडे दहा मिनिटं पाण्यात ठेवा. पेन्सिलचं नाव तसंच राहतं आणि शाईचं पसरतं! का, यावर चर्चा घ्या. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट, ते पाण्यात विरघळत नाही.

*घरचा अभ्यास :* पालकांच्या मदतीने तक्ता करा. रकाने चार : कागदाचं नाव, कुणाच्या नावे आहे, घरात कुठे ठेवला आहे, मूळ नोंद कुठे असते. क्रमांक लिहायचे नाहीत, आणि तक्ता शाळेत आणायचाही नाही. तो घरीच राहील. मुलांनी शाळेत फक्त सांगायचं की कोणती जागा धोक्याची वाटली आणि ती बदलली का.

*शिक्षकांसाठी सूचना :* वर्गात काही मुलांच्या घरी पुरेसे कागद नसतात. "तुझ्याकडे दाखला नाही का?" असं सगळ्यांसमोर विचारू नका. अशा पालकांशी वेगळं बोला आणि कुठे अर्ज करायचा ते सांगा.

येत्या रविवारी एक तास

पालकहो, एक तास काढा. सगळे कागद सतरंजीवर पसरा आणि तीन गठ्ठे करा. तिसऱ्या गठ्ठ्याच्या झेरॉक्स त्याच दिवशी काढा आणि फोटो घ्या. यादी लिहा. मूळ कागद झिपच्या फाईलमध्ये घालून कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवा. झेरॉक्सचा संच पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा घेऊन जा. मुलांना शेजारी बसवा. कोणता कागद कशाचा आहे हे त्यांना आत्ताच कळलं, तर पुढे त्यांनाच उपयोगी पडेल.

पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यात हे काम करून टाकलेलं उत्तम. मे उलटून गेला असेल तर आज करा.